सेंद्रिय सोयाबीनचं 25 किलोचं पोतं एकदम घ्यावं का?

प्रश्न थोडक्यात: घरात तीन प्रौढ माणसं, तिघंही पूर्ण वनस्पतीजन्य आहारावर. आठवड्याला सहा लिटर तयार सोया दूध विकत येतं. आता बेत असा आहे की कोरड्या सेंद्रिय सोयाबीनचं 25 किलोचं पोतं घ्यायचं, कारण एक किलोच्या पाकिटापेक्षा त्याचा दर 22 टक्क्यांनी कमी पडतो. सोबत सोया दुधाचं मशीन बारा महिन्यांच्या बिनव्याजी हप्त्यांवर घ्यायचं. पोत्याचे पैसे आपत्कालीन निधीतून काढायचे, ज्यात सध्या दीड महिन्याचा खर्च जमा आहे. आठवड्याला साधारण एक किलो सोयाबीन संपेल, हा वाचकाचा अंदाज.

उत्तर:

सोयाबीनकडे वळण्याचा तुमचा निर्णय पैशाच्या बाजूने भक्कम आहे. अडचण तो कोणत्या क्रमाने अमलात आणताय यात आहे. आधी खप पक्का व्हायला हवा, मग साठा, आणि मशीन सगळ्यात शेवटी. तुम्ही तिन्ही एकाच दिवशी करायला निघाला आहात, तेही निधीला हात लावून.

पाया आधी तपासू. कोरड्या सोयाबीनमध्ये 100 ग्रॅमला सुमारे 36 ग्रॅम प्रथिनं आणि 20 ग्रॅम स्निग्धांश असतो. म्हणून किलोच्या किमतीला 36 ने भागलं की 10 ग्रॅम प्रथिनं केवढ्याला पडली ते कळतं. टोफूच्या वेष्टनावर 100 ग्रॅमला 14 ग्रॅम लिहिलं असेल तर त्याच्या किलोच्या किमतीला 14 ने भागा. सोया दुधावर 100 मिलिलिटरला 3.3 ग्रॅम असेल तर लिटरच्या किमतीला 3.3 ने. म्हणजे सोयाबीनचा किलोचा दर टोफूच्या अडीचपट असला तरी प्रथिनांच्या हिशोबात दोन्ही जवळपास सारखेच पडतात. तुम्ही कळवलेले दर त्यापेक्षा बरेच खाली आहेत, त्यामुळे एवढ्यापुरता प्रश्न मिटला.

आता तुमचा एक किलोचा अंदाज. त्यातले 600 ग्रॅम सहा लिटर दुधासाठी धरलेत (लिटरला 100 ग्रॅम, हे प्रमाण बरोबर आहे). उरलेले दाणे शिजवून खाण्यासाठी: माणशी 50 ग्रॅम कोरडे, आठवड्यातून तीनदा, म्हणजे 450 ग्रॅम. ही सवय तुम्हाला आहे, असं तुमच्या पत्रावरून दिसतं. पण घरी दूध तुम्ही अजून एकदाही केलेलं नाही. निम्म्याहून जास्त खप अशा कामावर टेकलाय जे अद्याप सुरूच झालेलं नाही.

दूध होतच नाही असं धरून बघा. आठवड्याला 450 ग्रॅम या वेगाने 25 किलो संपायला 55 आठवडे लागतात. 22 टक्के सवलतीमुळे तुम्ही साडेएकोणीस किलोच्या पाकिटांएवढे पैसे आज मोजता. याचा अर्थ पहिले 43 आठवडे तुम्ही फक्त आगाऊ दिलेले पैसे खाऊन संपवणार, खरी बचत त्यानंतरच्या साडेपाच किलोंत आहे. आणि सोयाबीन बिघडायला सुरुवात होते तीही त्याच सुमारास. दाणा एक पंचमांश तेलाचा आहे, त्यामुळे तो इतर कडधान्यांपेक्षा लवकर खवट होतो. उष्ण आणि दमट जागी महिनोन्‌महिने राहिला की आतली रचना बदलते, मग कितीही भिजवा आणि शिजवा, तो मऊ होत नाही. पोतं तुमच्याकडे येण्याआधी कोठारात किती महिने होतं, तो काळही यात धरायला हवा.

यावर रास्त आक्षेप असा की सवलत म्हणजे परतावाच, आणि तो घसघशीत आहे. खरं आहे. पाच किलोच्या पिशवीवर तुम्हाला 12 टक्के सवलत मिळते. पिशव्यांऐवजी पोतं घेतलं तर जादा अडकलेल्या पैशांवर वर्षाला 30 टक्क्यांच्या आसपास फायदा निघतो. मुदत ठेव याच्या जवळपासही जात नाही. पण हा आकडा शेवटचा दाणा खाल्ला तरच खरा. पोत्यातले 2.8 किलो वाया गेले की पाच किलोच्या पिशव्याच स्वस्त पडल्या असत्या. दूध नसेल तर 2.8 किलो म्हणजे 55 पैकी शेवटचे सहा आठवडे. वर्षभराच्या साठ्याचे शेवटचे सहा आठवडे खवट न होता जातील, यावर मी तुम्हाला पैसे लावायला सांगणार नाही.

म्हणून आज फक्त पाच किलोची एक पिशवी घ्या आणि आठ आठवडे दूध मिक्सरवर करा. लागेल तशी दुसरी पिशवी आणा.

सेंद्रियसाठी जादा दर द्यायचा का, हेही तुम्ही विचारलंय. प्रथिनांसाठी असेल तर देऊ नका, ती दोन्हीकडे सारखीच असतात. सेंद्रियचा दर तुम्ही शेतीच्या पद्धतीसाठी मोजता: कृत्रिम कीटकनाशकं नाहीत, जनुकीय बदल केलेलं बियाणं नाही. सोया वडीसारख्या पदार्थांत तेल काढण्यासाठी हेक्झेन हे रासायनिक द्रावक वापरलेलं असू शकतं, पण अख्ख्या दाण्यात तो प्रश्नच येत नाही. तेव्हा त्या भीतीपोटी इथे जादा पैसे मोजण्याचं कारण नाही. देणारच असाल तर प्रमाणन संस्थेचं नाव, प्रमाणपत्र क्रमांक आणि लॉट क्रमांक वेष्टनावर हवेत. सुट्या मालाला तोंडी ‘सेंद्रिय’ म्हटलं असेल तर साध्या मालाचा दर द्या. आणि पेरणीसाठी विकलं जाणारं बियाणं स्वस्त मिळालं तरी खाऊ नका. त्यावर बुरशीनाशक चोळलेलं असू शकतं, ते धुऊन जात नाही.

पिशवी घरी आली की 100 दाणे मोजून 12 तास भिजवा. फुगून लांबट झालेले चांगले, तसेच गोल आणि टणक राहिलेले गणंग. शंभरात पाचपेक्षा जास्त गणंग निघाले तर त्या लॉटचं पोतं घ्यायचं नाही, असा माझा सल्ला. कोरडा दाणा दातांखाली कडकन फुटला पाहिजे, दबला तर त्यात ओल आहे. फुटके दाणे फार असतील तर माल लवकर खवट होईल. कुबट वास किंवा बुरशी दिसली तर धुऊन वापरायचा विचार करू नका, परत करा. पॅकिंगची तारीख सगळे सांगतात, तुम्ही काढणी कधीची आहे तेही विचारा.

शिजवण्याबद्दल मी मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण या योजनेत पैसे बुडतात ते बहुतेक स्वयंपाकघरातच. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला (एन्झाइमला) अडवणारे घटक असतात. ओल्या उष्णतेने ते निकामी होतात. अर्धकच्चा दाणा खाल्ला तर पोट बिघडतं आणि विकत घेतलेली प्रथिनं पुरती अंगीही लागत नाहीत.

आठवड्याचे 450 ग्रॅम दाणे एकदम शिजवा. दीड ते पावणेदोन लिटर पाण्यात 8 ते 12 तास भिजवा, हवा गरम असेल तर भांडं फ्रिजमध्ये ठेवा. पाण्यावर फेस आणि आंबट वास आला तर आंबायला सुरुवात झालीय, तो घाणा टाकून द्यावा लागतो. दाणा उघडून बघा: आतली बाजू सपाट आणि एकाच रंगाची असेल तर पुरता भिजला, मध्ये खळगा दिसला तर अजून वेळ द्या. भिजवलेलं पाणी टाका, कारण पोटात वायू करणाऱ्या शर्करा काही प्रमाणात त्यात उतरलेल्या असतात. दाणे धुऊन नवं पाणी दोन बोटं वर येईल इतकं घाला आणि एक चमचा तेल टाका. कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. सोयाबीनला फेस खूप येतो, सालं सुटून वर येतात आणि वाफेची वाट तुंबते. हे धोक्याचं आहे, म्हणून इथे घाई नको. दाब आला की मंद आचेवर 20 ते 25 मिनिटं, मग कुकर आपोआप उतरू द्या. अंगठा आणि करंगळीत दाणा सहज चिरडला तर झालं. टोमॅटो, लिंबू, चिंच यांतलं काहीही दाणा मऊ होण्याआधी घालू नका, आंबटामुळे तो शिजायचा थांबतो. पाणी जड असलं तरी वेळ लागतो. अशा वेळी लिटरला पाव चमचा खाण्याचा सोडा चालतो, पण त्याने थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) कमी होतं. एरवी नकोच. उघड्या पातेल्यात हेच काम तीन तासांवर जातं आणि इंधनाचा खर्च सगळा हिशोब बिघडवतो.

450 ग्रॅमचे एक किलोच्या आसपास शिजलेले दाणे होतात. तीन-चार दिवसांत संपतील तेवढे फ्रिजमध्ये, बाकीचे एका वेळेचे भाग करून त्याच दिवशी फ्रीझरमध्ये. सगळेच फ्रिजमध्ये ठेवलेत तर पाचव्या दिवशी उरलेले टाकायची वेळ येईल.

दुधासाठी दोन लिटरचा घाणा सोयीचा. 200 ग्रॅम कोरडे दाणे भिजवून घ्या, मग उकळत्या पाण्यात पाच मिनिटं टाका आणि गरम पाण्यातच वाटा. गार पाण्यात कच्चा दाणा वाटला की त्यातलं विकर तेलावर काम करतं आणि दुधाला तो उग्र, कच्च्या शेंगेसारखा वास येतो. घरचं दूध सोडून देण्यामागे हाच वास असतो, आणि मशीन घेऊनही लोक त्याच कारणाने ते माळ्यावर टाकतात. मिक्सरचं भांडं निम्म्याहून कमी भरा, गरम वाफेने झाकण उडू शकतं. कापडातून गाळा, एकूण पाणी दोन लिटर होईल असं बघा आणि रुंद पातेल्यात ढवळत तापवा. फेस उकळी येण्याआधीच वर येतो, त्याला उकळी समजू नका. खरी उकळी आल्यावर मंद आचेवर दहा मिनिटं हवीतच. उरलेला ओला चोथा एक-दोन दिवसांत आंबतो. तो पूर्ण शिजलेला नसतो, म्हणून पिठात मिसळून किंवा परतून नीट शिजवूनच खायचा. फेकलात तर विकत घेतलेल्या प्रथिनांचा एक भाग कचऱ्यात गेला.

तुमच्या हिशोबात न दिसलेला एक खर्च आहे. तयार सोया दुधात बहुधा कॅल्शियम आणि बी-12 वरून घातलेलं असतं, घरच्या दुधात ते नसतं. सोयाबीनमध्ये बी-12 नाहीच. पूर्ण वनस्पतीजन्य आहारात बी-12 ची गोळी हा टाळण्यासारखा खर्च नाही, आणि दूध घरी करायला लागलात की कॅल्शियमचीही सोय करावी लागेल. कॅल्शियम सल्फेटने जमवलेला टोफू त्यासाठी उपयोगी आहे, म्हणून सध्या टोफू विकतच आणा. घरात कुणी थायरॉइडची गोळी घेत असेल तर ती आणि सोया यांत किती अंतर ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा, सोयामुळे गोळीचं शोषण कमी होऊ शकतं.

आता मशीन. तुमच्या आकड्यांनुसार त्याची किंमत 130 लिटर तयार दुधाएवढी आहे आणि किलोभर सोयाबीनची किंमत दोन लिटर दुधाएवढी. घरच्या लिटरला तयार दुधाच्या किमतीच्या 20 टक्के दाण्यांचे, इंधन आणि गोळ्या मिळून आणखी 15 टक्के धरू. लिटरमागे 65 टक्के वाचतात. मशीन फिटायला 200 लिटर लागतील: आठवड्याला सहा लिटर केलं तर 33 आठवडे, तीनच लिटर झालं तर 67. हप्ताही बिनव्याजी नाही. रोख घेतल्यास मिळणारी 6 टक्के सूट हप्त्यावर मिळत नाही, असं तुम्हीच लिहिलंय. ती सूट सोडून बारा समान हप्ते भरणं म्हणजे वर्षाला साडेअकरा टक्क्यांच्या आसपास व्याज देणं. प्रक्रिया शुल्क असेल तर ते वेगळं.

आपत्कालीन निधीतून यातलं काहीच घ्यायचं नाही. दीड महिन्याचा खर्च आधीच तोकडा आहे, आणि सवलत चुकणं ही आपत्ती नाही. तशी गरजही पडणार नाही. आठ आठवडे, आठवड्याला तीन घाणे, म्हणजे 48 लिटर. लिटरमागे 65 टक्के वाचले तर सुमारे 31 लिटर दुधाचे पैसे हाती राहतात. पोत्याची किंमत 39 लिटरची. दूध विकत घ्यायला जे पैसे जात होते ते दर आठवड्याला वेगळ्या खात्यात टाका आणि सामानाचा खर्च त्यातूनच करा, म्हणजे बचत नुसती वहीत राहणार नाही. आठ आठवड्यांत पोत्याचे सुमारे 80 टक्के पैसे तिथेच जमलेले असतील.

त्या आठ आठवड्यांत केलेलं प्रत्येक लिटर तारखेसह लिहा. एकूण 36 लिटर किंवा जास्त झालं तर तुमचा खरा खप आठवड्याला 900 ग्रॅमच्या वर आहे आणि पोतं साडेसहा महिन्यांच्या आत संपेल. मग खुशाल घ्या, वर दिलेली शंभर दाण्यांची चाचणी त्याच लॉटवर करून. पोतं तसंच उघडं ठेवू नका. पाच हवाबंद डब्यांत वाटा, डबे जमिनीपासून उंच, भिंतीपासून दूर आणि अंधाऱ्या थंड जागी ठेवा, एका वेळी एकच डबा उघडा. 24 ते 36 लिटर झालं तर पाच किलोच्या पिशव्या चालू ठेवा. 24 च्या खाली राहिलात तर मशीनचा विचार सोडून द्या. त्याहून वर असाल आणि तरीही मशीन हवं असेल, तर पोत्याची रक्कम पूर्ण जमल्यावर त्याच खात्यात पुढची बचत साठवा आणि 6 टक्के सूट घेऊन रोखीने घ्या.