विचारा तर खरं : रेघ उमटत नाही, मग बाटली खोटी का?

प्रश्न : ताई, भावाच्या लग्नासाठी मेन रोडवरून मॅग्नेटिक नेलपॉलिश आणली, गडद हिरवी. व्हिडिओत मांजरीच्या डोळ्यासारखी झगझगीत रेघ येते. मी दहाही नखं रंगवून घेतली आणि मग एकेकावर फ्रिजवरचं मॅग्नेट भरपूर वेळ धरलं, तरी नुसता करडट हिरवा रंग. दुकानदार म्हणतो, माल ओरिजिनल आहे. जाऊबाई म्हणतात, तुला फसवलं. करवली म्हणून मिरवायचंय हो, काहीतरी सांगा.
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : जाऊबाईंना सांगा, जरा थांबा. आधी बाटलीची परीक्षा घेऊ. ती दोन्ही तळव्यांत धरून नीट घोळवा आणि एखादं दमदार चुंबक बाहेरून काचेला टेकवा. आतल्या रंगात उजळ पट्टा दिसला आणि चुंबकाबरोबर तो सरकला, तर दुकानदार खरा. काहीच हललं नाही, तर बाटली पिशवीत घाला आणि सरळ परत मेन रोडला जा.

माझा अंदाज, बाटली चांगली असणार. गडबड फ्रिजवरच्या मॅग्नेटमध्ये आहे. मी कॉलेजात फिजिक्सची प्रयोगशाळा सांभाळायचे, त्यामुळे या विषयावर माझी गाडी जरा लांब जाते, सांभाळून घ्या. शाळेत कागदावर लोहकीस पसरून खाली पट्टीचुंबक धरायचो, आठवतं? कागदाला टिचकी मारली की कीस बलरेषांवर ओळीनं उभा राहायचा. तुमच्या बाटलीत तोच प्रयोग आहे. फक्त किसाऐवजी अगदी बारीक, चपट्या, चमकदार चकत्या असतात. त्यांत लोखंडाचा अंश असतो, आणि त्या ओल्या पॉलिशमध्ये तरंगत असतात. चुंबक जवळ आलं की त्या खिडकीच्या झडपांसारख्या वळतात. जिथे आडव्या पडतात तिथे उजेड परतून तुमच्या डोळ्यांकडे येतो, जिथे उभ्या राहतात तिथे नख काळपट दिसतं. काळपट भागांच्या मधे जो उजळ पट्टा दिसतो, ती तुमची रेघ.

आता फ्रिजचं मॅग्नेट. देवाचं चित्र किंवा पिझ्झावाल्याचा फोन नंबर छापलेली ती रबरासारखी चपटी पट्टी असते ना, तिच्यात उत्तर आणि दक्षिण ध्रुवांच्या बारीक बारीक ओळी आलटून पालटून असतात. पत्र्याला चिकटायला तेवढं पुरतं, पण जरा वर उचलली की जोर संपतो. नखावर काही मिलिमीटर अंतरावरून तिचा काही उपयोग नाही. तुम्हाला नेलपॉलिशसाठीच विकतात ती छोटी कांडी लागेल. तिच्यात बहुधा निओडायमियम हे लहान पण दमदार जातीचं चुंबक असतं. बाटलीबरोबर मिळाली नसेल तर त्याच दुकानात मागा. घरात जुना स्पीकर पडला असेल तर त्याच्या मागचं काळं गोल चुंबकही चालतं, पण एवढं धूड नखावर नेमकं धरताना हात थरथरतो.

दुसरी गोष्ट तुमच्या पत्रातच आहे. दहाही नखं रंगवून मग चुंबक धरलंत. दहावं नख रंगवेपर्यंत पहिल्यावर साय धरली असणार, आणि साय धरली की चकत्या हलत नाहीत. एका वेळी एकच नख घ्या. पहिला हात पातळ, तो वाळू द्या. काळा बेस असेल तर आणखी उत्तम, रेघ त्यावर उठून दिसते. दुसरा हात जाडसर लावा, जरा जास्तच वाटला तरी चालेल, आणि ब्रश बाटलीत ठेवायच्या आत चुंबक उचला. तीन ते पाच मिलिमीटरवर धरा. नखाला टेकलं तर सगळं पुसून पुन्हा सुरुवात. दहा-पंधरा सेकंद मनात मोजा, हात हलवू नका. चुंबक बाजूला घेतल्यावर रेघ जरा पसरली तर पुन्हा धरा. पॉलिश दाट होईपर्यंत चकत्या थोड्या मागे फिरतातच.

रेघ तिरपी हवी असेल तर कांडी तिरपी धरा. सध्या जो मखमली प्रकार चालतो, नखाच्या मधोमध मऊसर उजेड असलेला, त्यासाठी कांडी वरून न धरता चारही कडांना आळीपाळीनं धरतात. तो मला रेघेपेक्षा जास्त आवडतो. लग्नात शालूवरही शोभून दिसतो, पण ज्याचं त्याचं.

पंखा बंद करा. नाशिकच्या एप्रिलमध्ये हे सांगणं जिवावर येतं, पण वारा लागला की वरचा थर आधी आवळतो आणि आतल्या चकत्या अर्धवट वळून बसतात. थंडीत याच्या उलट. निफाडकडून तो बोचरा गारठा येतो त्या दिवसांत पॉलिश वाळायला वेळ घेते, तेव्हा चुंबक जास्त वेळ धरावं लागतं. टॉपकोट लावताना ब्रश दाबून फिरवू नका. टॉपकोटातला द्रव खालचा थर पुन्हा सैल करतो आणि रेघ विस्कटते. अलगद लावा आणि लगेच परत एकदा चुंबक दाखवा. ही गोष्ट पॅकेटवर सहसा लिहिलेली नसते.

लग्नाच्या क्रमाचं म्हणाल तर मेंदी आधी. मेंदीच्या वेळी नखांवर साधा पारदर्शक थर असू द्या, नाहीतर नखं केशरी होतात. मेंदीच्या तेलाचा हात नखाला लागला असेल तर पॉलिशआधी रिमूव्हरच्या बोळ्यानं नख कोरडं करून घ्या, तेलावर काही टिकत नाही. हळद खेळून झाल्यावर, सीमंतपूजनाच्या आदल्या रात्री हे काम काढा. आणि देवघरातल्या निरांजनाजवळ बसू नका. नेलपॉलिश आणि रिमूव्हर दोन्ही चटकन पेट घेतात.

थोडं अवांतर. ही पॉलिश २०११-१२ च्या सुमारास पहिल्यांदा गाजली. तेव्हा चुंबक बाटलीच्या झाकणातच यायचं. मधे फॅशन गेली, आता परत आलीय. पण ओल्या रंगातल्या चकत्या चुंबकानं वळवायच्या आणि तशाच गोठवायच्या, ही युक्ती नोटा छापणारेही वापरतात. २०१३ मध्ये आलेली नवी पाच युरोची नोट तिरपी केली की तिच्यावरच्या हिरव्या आकड्यात उजेडाचा पट्टा वर-खाली फिरतो, तो असाच साधलेला आहे. नाशिक रोडला नोटांचा छापखाना असलेल्या गावातल्या बायकांना हे ठाऊक असायला हवं, म्हणून सांगितलं.

प्रश्न : मी कॉलेजला आहे. ऑनलाइन जेलचं मॅग्नेटिक किट आणि छोटा लॅम्प मिळतोय. साध्या पॉलिशपेक्षा ते चांगलं ना?
— कॉलेज रोड, नाशिक

उत्तर : दिसायला चांगलं, यात वाद नाही. रेघ आली की लॅम्पखाली धरायचं, ती तिथल्या तिथे पक्की होते, विस्कटत नाही. पण घरी करू नकोस असंच सांगेन. कच्चं जेल कातडीला लागत राहिलं तर त्यातल्या अ‍ॅक्रिलेट नावाच्या रसायनांची अ‍ॅलर्जी होऊ शकते, आणि ती एकदा झाली की सहसा आयुष्यभर राहते. पुढे दातांत सिमेंट भरतानाही आडवी येऊ शकते, कारण त्या मसाल्यातही याच जातीची द्रव्यं असतात. स्वस्त लॅम्पखाली जेल वरून कडक आणि आतून कच्चं राहण्याचा धोका असतो. शिवाय, प्रकाशानं जेल पक्कं करायला वापरतात त्यातला टीपीओ नावाचा घटक युरोपीय संघानं १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केलाय. हौस असेल तर हात बसलेल्या पार्लरवालीकडे जा, डबीवर काय लिहिलंय ते वाच, आणि जेल नखाच्या कडेच्या कातडीला लागू देऊ नकोस. नखांभोवती खाज किंवा पुरळ आलं तर त्याच दिवशी थांब आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखव.

प्रश्न : माझी आठ वर्षांची लेक हट्ट धरून बसलीय. लावू का तिला? घरात दीड वर्षाचा मुलगाही आहे.
— पंचवटी

उत्तर : पॉलिश लावा सुट्टीत, खिडकी उघडी ठेवून. चुंबकाबद्दल मात्र कडक राहा. धाकट्यानं एकापेक्षा जास्त चुंबकं गिळली तर ती आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना ओढतात आणि मधल्या भिंतीला भोक पडू शकतं. असा संशय जरी आला तरी वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल. घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असेल तर कांडी त्यांच्या छातीपासून वीतभर तरी लांब. काम झालं की ती डबीत घालून वरच्या फळीवर.

प्रश्न : पुढच्या आठवड्यात गुडघ्याचा एमआरआय आहे. अशी पॉलिश लावलेली आहे. चालेल?
— नाशिक रोड

उत्तर : नाही. पूर्ण काढून जा. त्या यंत्रात जबर चुंबक असतं आणि पॉलिशमध्ये लोखंडाचे कण, फोटो बिघडू शकतो. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून वर फॉइल गुंडाळा, काही मिनिटांनी ओढून पुसा. कण नखाच्या कडेला अडकतात, तिथे जुन्या टूथब्रशनं हलकेच घासा. आणि पायाचीही काढा, ती सगळ्या विसरतात.