मोठा सुरा, उघडा हात

मागच्या अंकातल्या मोठ्या सुऱ्यांवरच्या लेखानंतर बरीच पत्रं आली. त्यातले पाच प्रश्न या वेळी घेते.

प्रश्न : ताई, जर्मन 'मेसर'ला तुम्ही सुरा म्हणता. चित्रात तर तो चांगला तलवारीएवढा लांब दिसतो. मग तो सुरा कसा?

लांबीवर जाऊ नका, मूठ बघा. १५व्या शतकातल्या, म्हणजे मेसरच्या काळच्या, युरोपातल्या तलवारीच्या पात्याचा मागचा निमुळता भाग मुठीच्या आतून आरपार जातो आणि शेवटी धातूचा गोळा बसवून तो ठोकून पक्का करतात. मेसरचं तसं नाही. पात्याचाच चपटा भाग मागे येतो, त्याच्या दोन्ही अंगांना लाकडाच्या पट्ट्या लावतात आणि आरपार रिव्हेट ठोकतात. घरातल्या भाजीच्या सुरीची मूठ पाहा, अगदी तशीच. धार एका बाजूला, दुसऱ्या बाजूला पाठ. जर्मनमध्ये 'मेसर' म्हणजे सुरीच. ही लांब, म्हणून 'लांगेस मेसर'.

लांब एकधारी सुरे त्याच्याही आधीपासून होते. सॅक्सन या जुन्या जर्मन टोळीचं नावच 'सॅक्स' नावाच्या सुऱ्यावरून आलं असं मानतात. १८५७ साली लंडनजवळ थेम्स नदीत असा एक सॅक्स सापडला. तो १०व्या शतकातला आहे, मुठीचा भाग धरून ७२ सेंटीमीटर लांब. पात्यावर धातूच्या तारा ठोकून रून लिपीची २८ अक्षरं आणि 'बेआग्नोथ' हे नाव कोरलंय. ज्यानं हे केलं त्यानं लोखंडात आधी बारीक खाचा पाडल्या असतील, मग त्यात तार बसवली असेल. सुरा हे गरिबाचं ओबडधोबड हत्यार, असं कुणी म्हणालं की मला हे पातं आठवतं.

मेसरच्या मुठीपाशी आणखी एक छोटी गोष्ट असते आणि माझ्या मते सगळं शहाणपण तिच्यात आहे. आडव्या दांडीपासून उजव्या अंगाला एक जाड तुकडा बाहेर काढलेला असतो. त्याला 'नागेल' म्हणतात, म्हणजे खिळा. मी शिकायला लागले तेव्हा माझ्या लाकडी मेसरला तो नव्हता. शोभेचा असेल असं वाटलं होतं. पहिल्याच वर्षी जोडीदाराचा वार मी अडवला, त्याचं पातं माझ्या पात्यावरून घसरत खाली आलं आणि थेट मधल्या बोटाच्या पेरावर बसलं. वेग फार नव्हता, तरी तीन आठवडे पेन धरता येत नव्हतं. अडवलेला वार तिथंच थांबत नाही, तो घसरत हाताकडे येतो. नागेल नेमका त्याच वाटेवर उभा असतो. पुढच्या महिन्यात मी लाकडाचा एक ठोकळा घासून माझ्या मेसरला बसवला. आजही त्याच्यावर खाचा मोजता येतात, आणि त्यातली प्रत्येक खाच माझ्या बोटावर पडली असती.

प्रश्न : सिनेमात नायक सुरा उलटा धरतो, पातं कोपराकडे वळवून. खरे लढवय्ये असंच धरत का?

मोठा सुरा असा धरत नसत. ६० सेंटीमीटरचं पातं उलटं फिरवलं की आपली सगळी पोच आपणच टाकून दिली. समोरचा तुमच्यापर्यंत पोचतो, तुम्ही त्याच्यापर्यंत पोचत नाही.

उलटी मूठ मात्र खोटी नाही. १५व्या शतकातला जर्मन शस्त्रगुरू हान्स टालहोफर याच्या चित्रांत खंजीर टोक खाली करून धरलेले दिसतात. ते छोटं हत्यार अंगाला अंग भिडल्यावरचं आहे. समोर चिलखत असेल तर वरून पूर्ण ताकदीनं टोक फटीत घालायचं असतं, तिथं ती पकड कामाची. हत्यार बदललं की पकड बदलते. सिनेमावाले खंजिराची पकड सुऱ्याला लावतात.

प्रश्न : जुन्या हस्तलिखितांत सुऱ्याची 'विद्या' शिकवलीय असं तुम्ही लिहिलंत. त्यात नेमकं काय असतं? की नुसते वारांचे प्रकार?

या प्रश्नासाठी मनापासून आभार. मेसरवरचं सगळ्यात मोठं काम योहानेस लेकक्युख्नरचं. पेशानं धर्मगुरू. त्याचं चित्रांचं हस्तलिखित १४८२चं आहे, चित्रं चारशेच्या वर, आणि त्याच वर्षी तो गेला. आज ते म्युनिकला जपून ठेवलंय.

त्यात चार पवित्रे आहेत. 'बैल' म्हणजे मूठ डोक्याच्या बाजूला उंच आणि टोक समोरच्याच्या तोंडावर, शिंग रोखल्यासारखं. 'रानडुक्कर' म्हणजे मूठ कमरेपाशी आणि टोक खालून वर, सुळा मारतो तसं. 'टेहळणीचा बुरूज' म्हणजे सुरा डोक्यावर उगारलेला. 'तट' म्हणजे टोक जमिनीकडे. वार सहा. पहिला 'रागाचा वार', खांद्यावरून तिरका खाली येणारा. शिकवला नाही तरी चिडलेला माणूस हाच वार करतो, म्हणून हे नाव. 'जागं करणारा' नावाचाही एक आहे.

पण पवित्रे आणि वार पाठ झाले म्हणजे मेसर आला असं नाही. चित्रं एकामागून एक बघत गेलं की लक्षात येतं, पुढे पुढे जिकडे तिकडे डावा हात दिसायला लागतो. मेसर एका हातात मावतो, दुसरा हात मोकळा. त्या मोकळ्या हातानं मनगट धर, कोपर वर ढकल, मुठीखालून हात घालून हत्यारच काढून घे, मान दाबून खाली पाड. निम्मी कुस्तीच आहे ती. एका चित्रात तर प्रतिस्पर्ध्याला पोत्यात घातलेलं दाखवलंय.

आता एक डाव जवळून सांगते. दोन पाती एकमेकांवर आदळली. तो क्षण नवशिक्याला संपल्यासारखा वाटतो, तो हात मागे ओढतो आणि पुन्हा मारतो. जुने जर्मन गुरू सांगतात, ओढू नको, आधी चाचप. समोरचा पातं दाबतोय की सैल आहे? हे डोळ्यांना कळत नाही, मुठीतून कळतं. दाबत असेल तर त्याच्या जोराला वाट करून दे, त्याचं पातं बाजूला जाईल. सैल असेल तर सरळ टोक पुढे घाल. आणि दोन्ही वेळा एक पाऊल तिरकं आत टाकून डावा हात त्याच्या मनगटावर ठेव. मनगट हातात आलं की त्याचा सुरा किती मोठा आहे याला काही अर्थ उरत नाही.

हे सगळं अर्ध्या सेकंदात व्हायचं असतं. मला 'दाबतोय की सैल' हे कळायला दोन वर्षं लागली. मी आणि माझी जोडीदारीण डोळ्यांवर पट्टी बांधून फक्त पाती टेकवून उभ्या राहायचो, दहा-दहा मिनिटं. त्याचा जेवढा उपयोग झाला तेवढा हजार वारांचा झाला नाही.

डावा हात रिकामाच असला पाहिजे असंही नाही. अर्जेंटिनाचे गाउचो गुराखी 'फाकोन' नावाच्या लांब सुऱ्यानं लढताना पाँचो, म्हणजे अंगावर घ्यायची घोंगडी, डाव्या हाताला गुंडाळत. वार झेलायला तोच, आणि समोरच्याच्या तोंडावर झटकून हूल द्यायलाही तोच. हजारो मैलांवरच्या, एकमेकांची नावंही न ऐकलेल्या लोकांना सुऱ्यानं एकच धडा दिलेला दिसतो: पहिला धोका हाताला.

प्रश्न : अमेरिकेतला 'बोवी नाइफ' इतका गाजला तो एका मारामारीमुळे. हे खरं का?

खरं आहे. १९ सप्टेंबर १८२७, मिसिसिपी नदीतला नॅचेझजवळचा वाळूचा पट्टा. द्वंद्व दुसऱ्याच दोघांचं होतं. दोघांचेही नेम चुकले आणि प्रकरण हस्तांदोलनावर मिटलं. मग सोबत आलेल्या लोकांतच जुंपली. जिम बोवीला गोळ्या लागल्या, गुप्तीचे वार झाले, तरी त्यानं आपल्या मोठ्या सुऱ्यानं नॉरिस राइटला ठार केलं. वर्तमानपत्रांनी ही बातमी देशभर नेली आणि प्रत्येकाला 'बोवीसारखा' सुरा हवा झाला. इंग्लंडातल्या शेफील्डचे कारखाने ते बनवून अमेरिकेला पाठवू लागले. १८३७ साली अलाबामानं अशा सुऱ्याच्या विक्रीवर १०० डॉलर कर बसवला, पुढच्या वर्षी टेनेसीनं विक्रीच बंद केली.

सुऱ्याला एवढी मागणी का, याचं उत्तर पिस्तुलात आहे. तेव्हाचं पिस्तूल एक गोळी झाडायचं, ती चुकली की ते नुसतं लाकूड-लोखंड. दारू दमट झाली तर तीही एक गोळी नाही. अमेरिकेतल्या सॅम्युएल कोल्टनं १८३६ मध्ये फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचं पेटंट घेतलं. तशी पिस्तुलं हळूहळू सगळीकडे पोचली आणि सुऱ्याचं महत्त्व ओसरलं.

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. त्याला हे शिकायचंय. तो म्हणतो, 'स्वतःचं रक्षण करता येईल.' मला भीती वाटते. पाठवू का?

पाठवा, पण स्वरक्षणासाठी नको. हे त्याला तुम्ही सांगण्यापेक्षा खडूनं सांगितलेलं बरं. मी नव्या मुलांना गडद कपडे घालायला लावते, लाकडी सुऱ्यांच्या धारेला खडू चोळते आणि म्हणते, एकमेकांना हरवा. मिनिटाभरानं थांबवते. जिंकणारा हसत असतो. मग त्याला बाह्या बघायला सांगते. बहुतेक वेळा दोघांच्याही हातांवर पांढऱ्या रेघा असतात, मनगटापासून कोपरापर्यंत. जिंकणाऱ्याच्याही. मी काही बोलत नाही, तो स्वतःच रेघा मोजत राहतो. असा एक तास झालेला मुलगा खिशात चाकू घेऊन फिरत नाही, आणि कुणी चाकू काढला तर पळायला लाजत नाही.

गुरू निवडताना वर्गात जाऊन बसा. पहिले काही आठवडे पडायला, पावलं टाकायला आणि अंतर राखायला शिकवत असतील तर ठीक. धारदार पातं दाखवून मुलांना खूश करत असतील तर उठून या. सरावाचं हत्यार लाकडाचं किंवा चामड्याचं असावं; १६व्या शतकात जर्मनीत याच कामासाठी 'डुसाक' नावाचा लाकडी सुरा वापरत. जाड हातमोजे आणि जाळीचा मुखवटा जोडीदाराबरोबरच्या पहिल्या डावापासून हवेतच. मुखवटा घेताना मुलाला मान खाली घालून हलवायला सांगा. तो सरकला तर एक माप लहान घ्या, आणि गळ्यापुढचं कापड छातीपर्यंत येतंय ना, तेही बघा.