निर्दोष सुटला, पण खोलीबाहेर येत नाही

प्रश्न : ताई, माझा धाकटा भाऊ साडेपाच वर्षं येरवड्याला आत होता, खुनाची केस. चार महिन्यांपूर्वी शिवाजीनगर कोर्टाने निर्दोष सोडला. आता घरी पहाटेच उठून चादरीची घडी घालून बसून राहतो, दार नुसतं लोटलेलं असलं तरी कुणीतरी उघडेपर्यंत बाहेर येत नाही. आधी टेम्पो चालवायचा, आता काम मिळतं आणि पोलीस व्हेरिफिकेशनला केस निघाली की जातं. गेलेल्या वर्षांची काही भरपाई मिळते का?
एक बहीण, हडपसर

उत्तर : आधी घाईचं सांगते. आकसाने खोटी केस घातली म्हणून नुकसानभरपाईचा दावा लावायचा तर सुटल्यापासून एकच वर्षाची मुदत असते, म्हणजे तुमच्याकडे आठ महिने राहिलेत. नुसतं सुटणं पुरत नाही, आकस सिद्ध करावा लागतो, म्हणून निकाल वकिलाकडून नीट वाचून घ्या, संशयाचा फायदा देऊन सोडलंय की तपासावर ताशेरे मारलेत ते बघा. वकिलाचे पैसे नसतील तर कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, किंवा १५१०० ला फोन लावा.

सरकारकडून आपोआप काहीच मिळत नाही, आणि हे लिहिताना मला संताप येतो. विधी आयोगाने २०१८ मध्येच यासाठी वेगळा कायदा करा म्हणून सांगितलं, अजून झालेला नाही. विनाकारण अटक करायला लावली म्हणून मॅजिस्ट्रेट भरपाई देऊ शकतात ती जास्तीत जास्त १००० रुपये! मोठी कोर्टं मात्र कधीकधी देतात. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातल्याच सहा जणांना फाशीच्या शिक्षेतून निर्दोष सोडलं, सोळा वर्षं गेली होती त्यांची, आणि राज्य सरकारला प्रत्येकी ५ लाख द्यायला लावले.

कामाचं म्हणाल तर निकालाच्या सही-शिक्क्याच्या दोन-तीन नकला काढून ठेवा आणि व्हेरिफिकेशनची वाट न बघता मालकाला पहिल्याच दिवशी दाखवा, ओळखीतला टेम्पोवाला असेल तर तिथूनच सुरुवात करा.

आणि दारावरून त्याला टोकू नका हो. इतकी वर्षं कोठडी उघडणारा दुसराच होता, कैद्यांची गिनती म्हणजे मोजणी झाल्याशिवाय हलायचं नाही हे अंगात मुरलंय. घराची एक किल्ली त्याच्याकडे द्या, रात्री कडी त्यालाच लावू दे, सकाळी दूधवाल्याला दारही त्यालाच उघडू दे. झोप लागत नसेल तर ससूनच्या मानसोपचार ओपीडीत घेऊन जा, आणि तुम्ही सोबत बसा.