आधी तुझी तपासणी

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

मूल होत नाही म्हणून तू लिहिलेल्या पत्रात पत्नीच्या एएमएचचा, म्हणजे रक्तात मोजल्या जाणाऱ्या एका संप्रेरकाचा, आकडा तीन वेळा आला, बीजांडांचा दर्जा सुधारण्यासाठी तिने कोणत्या गोळ्या घ्याव्यात याची विचारणा आली. तुझ्या वीर्यतपासणीचा मात्र उल्लेखही नाही. म्हणून लगेच लिहितो आहे: आधी तुझी तपासणी करून घे.

माझी चार वर्षे याच चुकीत गेली. पत्नीच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली, गर्भनलिकांचा एक्स-रेही झाला आणि मी दर वेळी बाहेरच्या बाकावर बसून तिला धीर देण्यात धन्यता मानली. डॉक्टरांनी माझ्या तपासणीचे नावच काढले नाही, असे मी पुढे कित्येकांना सांगत आलो. ते खोटे नाही. पण मीही विचारले नव्हते. शेवटी तपासणी केली तेव्हा शुक्राणूंची हालचाल मंद निघाली आणि वृषणाच्या शिरा फुगल्याचे कळले.

एएमएचवरून बीजांडांच्या उरलेल्या साठ्याचा अंदाज येतो, त्यांचा दर्जा कळत नाही. दर्जा मुख्यतः वयावर अवलंबून असतो आणि गेलेले वय परत आणणारी गोळी नाही. तिने रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड आतापासूनच घ्यावे, पण ते बाळाच्या मेंदूतील व मज्जारज्जूतील दोष टाळण्यासाठी. त्याने बीजांड तरुण होईल, अशी आशा तिला लावू नकोस.

तुझ्या बाबतीत मात्र पुष्कळ काही हातात आहे. स्त्रीचा बीजांडांचा साठा तिच्या जन्मापूर्वीच ठरतो, तर शुक्राणू रोज नव्याने घडतात. एक शुक्राणू घडायला सुमारे 74 दिवस आणि पुढे परिपक्व व्हायला आणखी काही दिवस लागत असल्याने आज सोडलेल्या सिगारेटचा परिणाम अहवालात दिसायला तीन महिने जातात. मद्य कमी कर, वजन आटोक्यात आण. वृषणांना शरीरापेक्षा दोन-चार अंश कमी तापमान लागते, तेव्हा लॅपटॉप मांडीवरून टेबलावर जाऊ दे. आणि पिळदार शरीरासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेत असशील, तर डॉक्टरांपासून लपवू नकोस. पौरुष वाढवण्यासाठी म्हणून घेतलेले हे औषध मेंदूकडून वृषणांना जाणारे संकेतच दाबून टाकते आणि शुक्राणूंची संख्या शून्यावरही आणू शकते.

हे तीन महिने तपासणी पुढे ढकलण्यासाठी नाहीत. स्त्रीचे वय 35च्या आत असेल तर वर्षभर, त्यापुढे असेल तर सहा महिने प्रयत्न करून गर्भ राहिला नाही की दोघांनीही डॉक्टरांकडे जायचे असते. तुमचे दीड वर्ष झाले! अजून कशाची वाट पाहतोस? लाज वाटते म्हणशील. मलाही वाटली होती, आणि तिची किंमत पत्नीने मोजली.

नमुना देण्यापूर्वी दोन ते सात दिवस वीर्यपतन टाळायचे असते. नुकताच मोठा ताप येऊन गेला असेल, तर तसे सांग, कारण तापाचा परिणाम पुढचे दोन-तीन महिने राहू शकतो. आकडे कमी आले, तरी एकाच अहवालावर निष्कर्ष काढू नकोस. काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी करावी लागते. अहवाल आला की मला कळव. तिच्या गोळ्यांविषयी त्यानंतर बोलू.

तुझा,
काका