काढलेला अँटिव्हायरस खरंच गेलाय का?

फोल्डर हाताने डिलीट करत बसू नका, अँटिव्हायरसची मुळं ड्रायव्हरपर्यंत, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमपर्यंत गेलेली असतात. आधी विंडोजच्या सेटिंग्जमधून रीतसर अनइन्स्टॉल करा. मग त्याच कंपनीच्या अधिकृत साइटवरून रिमूव्हल टूल घेऊन सेफ मोडमध्ये (विंडोज फक्त अत्यावश्यक गोष्टींसह सुरू होतं तो मोड) चालवा. भलत्या साइटवरून घेतलंत तर चोर हाकलायला दरोडेखोर बोलावल्यासारखं होईल.

रीस्टार्टनंतर कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची विंडोजची खिडकी) ॲडमिन म्हणून उघडा, इंग्रजी अक्षरांत ‘एफएलटीएमसी’ (fltmc) टाइप करा आणि एंटर दाबा. फाइल्सवर नजर ठेवणाऱ्या, चालू असलेल्या ड्रायव्हरची यादी दिसेल. यादीत जुन्या अँटिव्हायरसशी जुळणारं नाव दिसलं, तर त्याचा ड्रायव्हर अजून जिवंत आहे. रजिस्ट्रीला, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदवहीला, मात्र हात लावू नका. मी एकदा उत्साहात लावला, इंटरनेटच बंद पडलं आणि अख्खा रविवार गेला. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, चालू झालाय का तेही बघा; जुन्या अँटिव्हायरसची नोंद विंडोजमध्ये शिल्लक असली की तो गप्प बसून राहू शकतो.