नववीतल्या मुलांनी काढलेल्या वृत्तपत्राला खरी पत्रकारिता म्हणता येईल का, आणि त्यावर शाळेचे नियंत्रण किती असावे?

आपल्या प्रश्नावरून समजले ते असे: आपली मुलगी आणि तिचे काही वर्गमित्र शाळेत एक मासिक वृत्तपत्र सुरू करू पाहत आहेत. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली आहे, मात्र छापण्यापूर्वी प्रत्येक ओळ त्यांनी मंजूर केली पाहिजे अशी अट घातली आहे. या अटीखाली निघणाऱ्या अंकाला पत्रकारिता म्हणावे का, आणि दहावी तोंडावर असताना मुलांनी त्यात वेळ घालावा का, असे आपण विचारले आहे. मी अनेक वर्षे एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होतो आणि आता शाळकरी मुलांच्या अंकांना जमेल तशी मदत करतो. मुलांच्या वयामुळे त्यांचे काम कमी खरे ठरते, असे मला कधीच वाटले नाही. काय छापायचे आणि काय वगळायचे याचा अखेरचा निर्णय कोणाच्या हाती आहे, यावरच ते काम पत्रकारिता आहे की नाही हे ठरते, अशी माझी धारणा आहे.

आपल्याकडे शाळांतून हस्तलिखिते आणि भित्तिपत्रके काढण्याची जुनी परंपरा आहे, आणि बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून मुलांच्या वाचनाची सोय करीत आले आहे. या साऱ्याविषयी मला आदर आहे. तरीही हस्तलिखितातील कविता, प्रवासवर्णन किंवा सहलीचा वृत्तान्त वाचून कोणाची अडचण होत नाही, आणि वृत्तपत्राची गोष्ट मात्र वेगळी असते. त्यात माहिती पडताळून घ्यावी लागते, ज्याच्याविषयी लिहिले आहे त्याची बाजू विचारावी लागते, आणि छापून आलेले कोणाला तरी आवडणार नाही हे धरून चालावे लागते.

आपल्या मुख्याध्यापकांची अट नेमकी ज्या प्रश्नावर आहे, त्या प्रश्नावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला होता आणि तो मुळातून समजून घेण्यासारखा आहे. मिसूरी राज्यातील हेझलवूड ईस्ट हायस्कूलमध्ये पत्रकारितेच्या वर्गातील विद्यार्थी ‘स्पेक्ट्रम’ नावाचे वृत्तपत्र काढीत असत. मे 1983 च्या अंकात शाळेतील गर्भवती मुलींचे अनुभव आणि आईवडिलांच्या घटस्फोटाचा मुलांवर होणारा परिणाम, अशा दोन विषयांवर लेख होते. मुख्याध्यापकांचे आक्षेप ऐकले तर ते पोकळ वाटत नाहीत. मुलींची नावे बदललेली असली तरी शाळेतल्या शाळेत त्या ओळखू येतील, आणि घटस्फोटाच्या लेखात एका मुलीने वडिलांवर टीका केली असताना वडिलांना उत्तर देण्याची संधी मिळालेली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. कोणत्याही चांगल्या वृत्तसंपादकाने हेच दोन प्रश्न बातमीदाराला विचारले असते. फरक एवढाच की वृत्तसंपादकाने लेख परत करून वडिलांशी बोलून यायला सांगितले असते, आणि मुख्याध्यापकांनी दुरुस्तीला वेळ उरलेला नाही असे समजून दोन पूर्ण पाने काढून टाकली. त्या पानांवर ज्यांना त्यांची काहीच हरकत नव्हती असे लेखही होते, तेही गेले. विद्यार्थी न्यायालयात गेले. जानेवारी 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला. शाळेने अभ्यासक्रमाचा भाग म्हणून चालवलेल्या वृत्तपत्रावर रास्त शैक्षणिक कारणांसाठी शाळा नियंत्रण ठेवू शकते, असे त्या निकालाचे सूत्र होते.

मला हा निकाल खटकतो, आणि त्याचे कारण मुलांच्या शिक्षणाशीच निगडित आहे. वडिलांना फोन का करायला हवा होता, हे त्या मुलांना शिकवण्याची एक उत्तम संधी होती आणि ती कात्रीने संपवली. याच न्यायालयाने 1969 मध्ये, व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ काळ्या फिती बांधून आलेल्या आयोवातील विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल देताना, शाळेच्या फाटकापाशी विद्यार्थ्याचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य संपत नाही असे म्हटले होते. हेझलवूडनंतर अमेरिकेतील अनेक राज्यांनी स्वतःचे कायदे करून विद्यार्थी-संपादकांना संरक्षण दिले. कॅलिफोर्नियात तर असा कायदा 1977 पासूनच होता.

असे संरक्षण दिल्यावर काय घडू शकते हे कॅन्सस राज्यातील पिट्सबर्ग हायस्कूलने 2017 मध्ये दाखवले. कॅन्ससच्या 1992 च्या कायद्यानुसार बातम्या आणि मते यांच्या निवडीची जबाबदारी विद्यार्थी-संपादकांची असते, केवळ विषय वादग्रस्त आहे म्हणून मजकूर दडपता येत नाही, आणि विद्यार्थ्यांच्या लिखाणासाठी शाळेला जबाबदार धरले जात नाही. या शाळेत नव्या मुख्याध्यापकांची नेमणूक झाली, तेव्हा ‘बूस्टर रिडक्स’ या वृत्तपत्राच्या विद्यार्थ्यांनी परिचयपर बातमी लिहिण्यासाठी त्यांची शैक्षणिक पात्रता तपासायला घेतली. ज्या विद्यापीठाच्या पदव्या सांगितल्या होत्या त्याचे संकेतस्थळ नीट चालत नव्हते आणि त्याच्या मान्यतेचा पुरावा मिळत नव्हता. मुलांनी खुद्द त्या मुख्याध्यापकांना प्रश्न विचारले, उत्तरे नोंदवली, सरकारी नोंदी पाहिल्या, आणि जे सापडले तेवढेच छापले. काही दिवसांतच त्यांनी राजीनामा दिला. मोठ्या माणसांच्या निवड समितीच्या नजरेतून जे सुटले ते साध्या पडताळणीने मुलांना सापडले, ही गोष्ट मला आजही उभारी देते. आपल्या शाळेत अंकाला मंजुरी देणारी व्यक्ती मुख्याध्यापकच आहे, हे लक्षात घेऊन ही घटना पुन्हा एकदा वाचावी, अशी माझी विनंती आहे.

आपल्या देशातही असे उदाहरण आहे आणि ते मला सर्वांत जवळचे वाटते. दिल्लीत 2003 पासून ‘बालकनामा’ नावाचे हिंदी वृत्तपत्र निघते. रस्त्यावर राहणारी आणि मोलमजुरी करणारी मुले ‘बढते कदम’ या आपल्या संघटनेमार्फत ते चालवतात, आणि ‘चेतना’ ही संस्था त्यांच्या पाठीशी उभी आहे. ज्या मुलांना लिहिता येत नाही ती बातमी तोंडी सांगतात, लिहिता येणारी मुले ती उतरवून घेतात. अशा सांगणाऱ्या मुलांना तिथे ‘बातूनी रिपोर्टर’ म्हणतात. रेल्वेस्थानकांवर राहणाऱ्या मुलांना रुळांवरील मृतदेह उचलायला लावले जाते, ही बातमी या मुलांनी पुढे आणली आणि नंतर मोठ्या माध्यमांना तिची दखल घ्यावी लागली. फलाटावर न राहणाऱ्या बातमीदाराला ती कळण्याची शक्यताच फार कमी होती. किशोरांनी किशोरांसाठी बातम्या द्याव्यात असे मी आग्रहाने म्हणतो ते यासाठीच.

आता आपल्या शाळेकडे येतो. कॅन्ससच्या कायद्यासारखा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. राज्यघटनेने दिलेले भाषण-अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य नागरिकाला वयाची अट घालीत नाही, आणि राष्ट्रगीत गायले नाही म्हणून शाळेने काढून टाकलेल्या केरळमधील तीन भावंडांना सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये पुन्हा शाळेत घ्यायला लावले, तेव्हा याच स्वातंत्र्याचा आधार घेतला होता. भारताने 1992 मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या तेराव्या कलमातही माहिती मिळवण्याचा आणि इतरांना देण्याचा मुलांचा हक्क नमूद आहे. तथापि, मासिकाच्या पहिल्या अंकासाठी न्यायालयाची भाषा उपयोगाची नाही. मुलांनी मुख्याध्यापकांना एका पानाचे निवेदन द्यावे आणि त्यात अंक आधी वाचण्याचा त्यांचा अधिकार मान्य करावा. सोबत तीन गोष्टी मागाव्यात: हरकत असल्यास ती कारणासह लेखी द्यावी, दुरुस्तीसाठी मुदत मिळावी, आणि एका लेखावरील हरकतीमुळे दुसरा लेख अडवू नये. बहुतेक मुख्याध्यापकांना शाळेच्या नावाची काळजी असते, आणि अशा लेखी पद्धतीने त्यांनाही धीर येतो, असा माझा अनुभव आहे.

एका बाबतीत मात्र मी मुलांना कोणतीही सूट देणार नाही. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या 74 व्या कलमानुसार, चौकशी किंवा न्यायालयीन प्रकरणात आलेल्या बालकाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करता येत नाही, आणि तो नियम मुलांनी काढलेल्या अंकालाही लागू आहे. शाळेचे वृत्तपत्र शाळेतच वाचले जाते, म्हणून केवळ नाव बदलून भागत नाही. हेझलवूडच्या मुख्याध्यापकांचा पहिला आक्षेप इथे शब्दशः लागू पडतो. ज्या लेखातून एखादी वर्गमैत्रीण ओळखू येईल, तो तिच्याशी आणि तिच्या पालकांशी बोलल्याखेरीज छापू नये.

विषय जवळचे घ्यावेत: शाळा सुटल्यानंतरची एसटीची फेरी का रद्द होते, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी किती तास असते, क्रीडांगणासाठी आलेला निधी कुठे खर्च झाला. यांतील काहींची उत्तरे माहितीच्या अधिकारात मागता येतात. महाराष्ट्रात त्यासाठी दहा रुपये शुल्क लागते आणि अर्ज एकाच विषयावर, दीडशे शब्दांत लिहावा लागतो. नेमका प्रश्न दीडशे शब्दांत मांडण्याचा सराव नववीतल्या मुलीला दहावीच्या निबंधापेक्षा कमी उपयोगी पडेल असे मला वाटत नाही. वेळेची काळजी रास्त आहे, म्हणून दरमहा आठ पानांचा हट्ट न धरता सत्राला प्रत्येकी चार पानांचे दोन अंक काढावेत, आणि पुढच्या वर्षी काम हाती घेतील अशी आठवीतली दोन-तीन मुले पहिल्या अंकापासूनच सोबत घ्यावीत.