हॅशटॅग लावूनही पोस्ट पोहोचत नाही?

प्रश्न : मी इन्स्टाग्रामवर जलरंगातील चित्रे टाकते आणि प्रत्येक पोस्टला भरपूर हॅशटॅग देते, तरीही माझ्या ओळखीबाहेरचे कोणी ती पाहत नाही. चूक कुठे होत असावी?

उत्तर : सर्वप्रथम आपले खाते खाजगी नाही ना, हे पाहावे; खाजगी खात्यावरील पोस्ट हॅशटॅगच्या शोधात अनोळखी माणसाला दिसतच नाही. त्यानंतर सेटिंग्जमधील ‘अकाउंट स्टेटस’ उघडावे, कारण आपला मजकूर अनोळखी लोकांना सुचवला जाण्यास काही अडथळा असल्यास तो तेथे कळतो. टॅग लिहिण्याची पद्धतही तपासावी : ‘#जलरंग चित्र’ असे लिहिल्यास मोकळ्या जागेपाशी टॅग संपतो आणि ‘चित्र’ हा शब्द बाहेर राहतो, जोडरेघेनेही तेच होते.

मात्र खरी अडचण मला टॅगच्या निवडीत दिसते. ‘#कला’सारख्या व्यापक टॅगखाली नव्या पोस्टचा लोंढा अखंड चालू असल्याने आपले चित्र त्यात दिसेनासे होते, त्याऐवजी विषय, माध्यम आणि तंत्र नेमके सांगणारे तीन-चार टॅग द्यावेत. शिवाय डिसेंबर 2024 पासून इन्स्टाग्रामवर हॅशटॅग फॉलो करण्याची सोयच राहिलेली नाही, त्यामुळे चित्राखालच्या ओळींतच ‘ओल्या कागदावरील जलरंग’ असे शोधले जाणारे शब्द स्पष्ट लिहिणे मला अधिक मोलाचे वाटते.